शेवटचं काय केलंस ते सांग

सर गेल्याची बातमी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि दहा मिनिटांत सगळ्यांनी मिळून माणूस पार ओळखू येईनासा करून टाकला. एकानं लिहिलं, "मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपलं." दुसऱ्यानं लिहिलं, "शांत, संयमी, मितभाषी." खाली ओळीनं जोडलेले हात. मी गॅसजवळ उभी राहून वाचत होते, चहा उतू गेला. मनमिळाऊ? आमचे सर? अहो, ह्या माणसाचं उभ्या जन्मात एकाही मुख्याध्यापकाशी पटलं नाही. मितभाषी म्हणे! ज्या गड्यानं हे लिहिलं, त्याला सरांनी नववीत अख्खा तास वर्गाबाहेर उभं केलं होतं आणि आतून खिडकीतून त्याची खरडपट्टी चालू ठेवली होती. का, तर त्यानं शार्पनरचं पातं दातानं उचकटलं होतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, कबूल. पण निदान त्याच माणसाबद्दल बोला की!

कडेगावच्या आमच्या शाळेत सर कार्यानुभव शिकवायचे. हा विषय इतर ठिकाणी म्हणजे काय, तर खडू करा, शुभेच्छापत्रं करा, नाहीतर पुठ्ठ्याचं घर करून कपाटावर ठेवा, पुढच्या वर्षी त्यालाच नवा रंग द्या. सरांच्या तासाला पुठ्ठा दिसला की ते तो खिडकीतून बाहेर फेकायचे. त्यांच्या टेबलावर गोणपाट अंथरलेलं असायचं आणि त्यावर गावातनं गोळा केलेल्या वस्तू: गजराची घड्याळं, इस्त्री, सायकलचा डायनामो, कुणाच्या तरी आजोबांचा रेडिओ. ठेंगणा माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन नाही, टेस्टर. उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं, बारीक स्क्रू त्यानंच फिरवायचे. काढलेला प्रत्येक स्क्रू चिकटपट्टीवर ओळीनं चिकटवायचा, ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं, आणि बसवताना उलटीकडून सुरुवात. ह्यात चूक झाली तर ते शिव्या द्यायचे नाहीत, पण इतकं बोलायचे की शिवी परवडली असती.

त्यांच्या तासाला दोन शब्दांना बंदी होती. एक 'बिघडलंय', दुसरा 'अडकलंय'.

"सर, रेडिओ बिघडलाय."

"बिघडलाय म्हंजे काय झालंय? काय करत न्हाई ते सांग."

"वाजत नाही."

"दिवा लागतोय का?"

"लागतोय."

"मग वाजत न्हाई म्हण. दिवा लागतोय त्याचं काय कवतिक हाय का न्हाई तुला?"

आणि मग तो प्रश्न. तो ऐकल्याशिवाय ह्या माणसानं कधी कशाचा एक स्क्रू काढला नाही. "शेवटचं काय केलंस ते सांग." म्हणजे बंद पडायच्या आधी तू ह्या वस्तूला नेमकं काय केलंस. आपटलीस? पाणी सांडलंस? भावाशी भांडताना ओढलीस? खरं सांगितलं की पुढं. खोटं सांगितलं की वस्तू परत, न उघडता. ते म्हणायचे, यंत्राला पेशंटासारखं बोलून दाखवता येत न्हाई, त्याच्या वतीनं मालकानं बोलायचं असतं, अन् मालकच लबाड निघाला तर यंत्रानं कुणाकडं बघायचं?

ह्या प्रश्नापायी सरांचं वाटोळं झालं, ते सांगते. एका सव्वीस जानेवारीला झेंड्याच्या आधी ॲम्प्लिफायर गप्प झाला. मैदानात अख्खं गाव, पाहुणे हातात नारळ घेऊन उभे. मुख्याध्यापक पुढं आले आणि त्यांनी ॲम्प्लिफायरला वरनं दोन सणसणीत थापा मारल्या. सर रांगेतनं धावत आले.

"मारलंत? आवं, मारलंत तुमी त्याला? आदी माफी मागा."

"कुणाची?"

"ह्याची! ॲम्प्लिफायरची!"

"मास्तर, वेड लागलंय का तुम्हाला? चालू करा आधी."

सर टेबलाखाली मांडी घालून बसले आणि तिथनं शिपायाला विचारलं, "शेवटचं काय केलं हुतं ह्याला?" शिपाई बिचारा सरळ माणूस. त्यानं सगळ्या गावासमोर सांगून टाकलं, "सर, मागल्या आठवड्यात हेडसरांच्या घरी बारशाला नेलतं न्हवं का. तितं कुणीतरी वायर उलटी जोडली."

मैदानात असा हशा पिकला की झेंडा बाजूला राहिला. सरांनी वायर सरळ केली, दोन मिनिटांत आवाज आला. आणि पुढच्या आठवड्यापासून सरांचे कार्यानुभवाचे तास काढून घेतले, त्यांना ग्रंथालयाची किल्ली दिली, आणि जूनमध्ये दूरच्या शाखेत बदली. मला आजही ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. लबाडी कुणाची, थापा कुणी मारल्या, आणि घालवलं कुणाला! गावातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. आमच्या आबांनीही नाही. ते तेव्हा सुट्टीवर आले होते, मिलिटरीत सुभेदार, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेले. हसले मात्र सगळ्यांबरोबर.

पण सरांबद्दल माझा स्वतःचा राग वेगळाच होता, आणि तो चांगला पस्तीस वर्षं टिकला. त्यांचे तास जायच्या आधीच्या परीक्षेत मला एक गजराचं घड्याळ उघडून परत बसवायचं होतं. मी बसवलं. चाललंसुद्धा. पण एक स्क्रू उरला. मी तो हळूच मुठीत धरला, पाणी प्यायला जाते म्हणून बाहेर गेले आणि गटारात टाकला. परत आले तर सर घड्याळ कानाला लावून बसलेले.

"सगळं बसलं?"

"हो सर."

"काय उरलं न्हाई?"

"नाही सर."

त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि वहीत 'ड' लिहिलं. ड! वर्गात पहिला नंबर, गणितात पैकीच्या पैकी, आणि गुणपत्रिकेत कार्यानुभव ड. आईनं ती गुणपत्रिका देवघरात ठेवायच्या आधी त्या रकान्यावर बोट धरून विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, सर विक्षिप्त आहेत. ते खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं.

आता ह्या सरांची गाठ मला परत का घ्यावी लागली, ते.

आबांनी रिटायर व्हायच्या आधी कँटीनमधनं एक व्हीसीआर आणला होता, आणि त्यात घालायला आमच्याकडं धड एकच कॅसेट होती: माझ्या थोरल्या भावाच्या लग्नाची. आई गेली त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. ती गुरुवारी गेली, म्हणून आबा दर गुरुवारी जेवण झालं की ती कॅसेट लावायचे. सगळी नाही. एकच जागा. नवी सून दारात उभी, मी आणि चुलत बहिणींनी दार अडवलेलं, आणि सगळ्या बायका आईच्या मागं लागलेल्या, नाव घ्या, नाव घ्या. आईनं आयुष्यात आबांचं नाव उच्चारलं नव्हतं. 'आवं', 'हे', नाहीतर 'सुभेदार'. त्या दिवशी मात्र पदर सावरून तिनं घेतलं:

"उसाच्या मळ्याला पाण्याचा पाट, शामरावांचं नाव घेते, सोडा सुनेची वाट."

एवढंच. तेवढंच आबा बघायचे. रिवाइंड करायचे, परत बघायचे, परत रिवाइंड. मी सांगलीत नोकरी करते. आबांकडं जाते ती बहुतेक गुरुवारीच, कारण त्या दिवशी मला सुट्टी. ती कॅसेट लागली की मी स्वयंपाकघरात भांडी काढून बसायची आणि नळ सोडून ठेवायची. मुद्दाम. मशीनची घरघर तरी यायचीच कानावर, आणि मधनंच आबांचं काहीतरी पुटपुटणं. रडत असतील, असं मी धरून चालले होते.

माझा संताप व्हायचा, खोटं कशाला बोलू. का होऊ नये? ह्या माणसानं माझ्या आईला जिवंतपणी एकदा नावानं हाक मारली नाही. 'अगं', 'ए', 'कुठं मेलीस'. आणि त्याच दारात, त्याच दिवशी, बायका म्हणाल्या, सुभेदार, आता तुमी घ्या, तर हे म्हणाले, "मला गाड्या बघायच्या हायती," आणि सरळ निघून गेले. मी दारात होते. मी आईचं तोंड बघितलं होतं. कॅमेरावाल्यानं नाही घेतलं ते. आणि आता आपलं नाव ऐकायला हे मशीन लावून बसणार, दर गुरुवारी!

एका गुरुवारी त्यांनी तीनदा रिवाइंड केलं. चौथ्यांदा लावल्यावर मी बाहेर आले आणि भिंतीतला प्लग उपटला.

"बास की आता, आबा! किती वेळा?"

पडदा काळा झाला. आबांनी रिमोट मांडीवर ठेवला. माझं मलाच कसंसं झालं, मी प्लग परत लावला. मशीन घुरघुरलं, खट् झालं आणि बंद पडलं. मी बटण दाबलं, परत दाबलं. मग झाकण वर करून दोन बोटांनी कॅसेट ओढली, मग लोकरीची सुई घालून उचकटली. करकर आवाज आला आणि तपकिरी टेपेचं एक वेटोळं बाहेर आलं. मी सुई टाकून दिली.

संध्याकाळी भावाचा फोन आला. आबा म्हणाले, "मशीन बंद पडलं बाबा. माझ्याच हातनं झालं काय तरी." मी तिथंच उभी होते. आणि मी त्यांना ते म्हणू दिलं.

सांगलीत दोन दुकानं फिरले. एकानं मशीनकडं बघून हसून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, भंगारात घाला." दुसरा म्हणाला, "चुरगाळलेली टेप कापून टाकतो, बाकीची पेनड्राइव्हवर देतो." कापायची नेमकी तीच जागा होती. भावाला सांगितलं तर तो म्हणतो, "कापू दे गं. पंधरा सेकंदांनी काय फरक पडतोय?" काय बोलणार अशा माणसाला! मी फोन ठेवून दिला. आणि आबा पुढच्या गुरुवारी जेवले, हात धुतले आणि बंद टीव्हीसमोर जाऊन बसले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. तेव्हा मी शाळेतल्या एका मैत्रिणीकडनं सरांचा पत्ता मिळवला. ते लोणंदला, आपल्या गावी राहत होते.

मशीन सोलापुरी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि सांगलीहून गाडीत बसले. लोणंद स्टेशनवर कांद्याचा वास, आणि सरांच्या अंगणातही कांद्याची पोती. काकूंनी दार उघडलं, हातातलं गाठोडं बघितलं आणि आत बघून म्हणाल्या, "आवं, आलं बघा आणि एक." सर आता अठ्ठ्याहत्तरचे. खिशात टेस्टर, अंगठ्याचं नख तसंच.

त्यांनी मला ओळखलं. नावानं नाही. "घड्याळवाली," म्हणाले.

गोणपाट अंथरलं. मशीन ठेवलं. हात लावायच्या आधी चष्मा पुसला.

"काय करत न्हाई?"

"कॅसेट बाहेर येत नाही, सर. अडक..." मी जीभ चावली. "टेप आत राहिलीय."

"शेवटचं काय केलंस?"

"मी काही नाही. वडिलांनी लावली होती, मधेच बंद पडलं."

सरांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि चादर परत मशीनवर घातली. "घिऊन जा."

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी पन्नाशीची बाई, ओझं घेऊन इतक्या लांब आलेले, आणि हा माणूस मला दहावीतली पोरगी समजतोय! मी म्हणाले, "सर, तुमचं हे सगळं शाळेत चालत होतं. माझे वडील तिकडं बंद टीव्हीकडं बघत बसलेत. तुम्हाला माणसापेक्षा मशीनचं जास्त पडलंय का?"

"मशीनचंच पडलंय," ते ओरडले, माझ्यापेक्षा मोठ्यानं. "झाकणावर सुईचं वरखडं हायत! तुझा बाप लोकर इणतो व्हय?"

काकू आतनं म्हणाल्या, "आवं, जरा हळू." कुणी हळू झालं नाही. मी रडले, भांडले आणि भांडता भांडता सगळं सांगून टाकलं. प्लग, बोटं, सुई. आणि आबांनी आपल्या अंगावर घेतलेलं. सरांनी चादर परत बाजूला केली. मग म्हणाले, "चल, उघडू."

वरचं झाकण काढलं. स्क्रू चिकटपट्टीवर. आत टेप एका चकचकीत ड्रमभोवती गुंडाळलेली होती आणि एका रबरी रुळाला तिचा गुंता घट्ट वेढून बसला होता. "बघ. ह्यानं धरून ठेवलंय. का? तर वाजवताना टेप ड्रमभवती जाती, अन् थांबताना परत घरात येती. तू मधीच जीव काढून घेतलास. परत यायचा पट्टा जुना, ढिला, त्याला वढवना. मग हे बिचारं हाय तितं धरून बसलं. त्यात तू आणि सुई!"

कात्री त्यांनी कपाटात ठेवायला लावली, नजरेसमोर नको म्हणून. मग एका चाकावर बोट ठेवलं आणि ते फिरवायला लागले, इतकं हळू की मला वाटलं काही होतच नाहीये. टेप ढिली पडली की थांबायचं, कॅसेटचं चाक बोटानं फिरवून तेवढी आत घ्यायची, परत पहिलं चाक. रुळावरचा गुंता नखानं एकेक वेढा सोडवला. ड्रमला बोट लागू दिलं नाही. अडीच तास गेले. काकूंनी भाकरी-पिठलं आणून ठेवलं, ते गार झालं. शेवटी कॅसेट आपसूक वर आली, जसं काही झालंच नव्हतं.

चुरगाळलेली टेप त्यांनी काचेवर मऊ फडक्यानं सरळ केली, ड्रम स्पिरिटनं पुसला, टेपरेकॉर्डरच्या डब्यातला एक पट्टा मापाचा निघाला तो घातला. मग त्यांच्या टीव्हीला जोडून लावलं. पांढऱ्या रेघा आल्या. मग आमचं दार. मग आई. पदर सावरला, तोंड उघडलं.

आवाज नाही. ओठ हलले, बायका हसल्या, सून आत आली, सगळं मुकं. आणि थोड्या वेळानं आपोआप सनई सुरू झाली.

"मी घालवला," मी म्हणाले. "सर, तेवढाच आवाज होता तिचा."

सरांनी कॅसेट काढली, भिंग घेतलं, टेप उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले. "तुझी चुणी हितं हाय, एक वीत फुडं. ही कड झिजलीय ती येगळी. आवाज कडंला असतो. एकाच जागी हजारदा मागंफुडं केल्याबिगर अशी झीज व्हत न्हाई. हा आवाज जाऊन वरसं झाली असत्याल."

"वर्षं? मग आबा काय ऐकत होते?"

"मला काय इचारतीस? तू हुतीस त्या घरात." मग चादरीची गाठ मारत म्हणाले, "अन् भावाला सांग, कुणी केलं ते. बापाच्या म्होरं सांग."

पुढच्या गुरुवारी मी कडेगावला गेले. आबांच्या समोर भावाला फोन लावला आणि सांगितलं, प्लग मी ओढला, सुई मी घातली. तो म्हणाला, "बरं मग?" त्याला काय कळणार. आबा म्हणाले, "कशाला सांगितलंस गं. मी म्हटलं हुतं की माझ्या हातनं." मी कॅसेट लावली. भांडी तशीच ठेवली. नळ बंद. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत, त्यांच्या शेजारी बसले.

आबा अवघडले. "तू जा, तुझी कामं कर जा."

"नाही, बसते."

दार आलं. आई आली. तिचे ओठ हलायला लागले, मुके. आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं, आणि पुटपुटले, सुभेदाराचा आवाज, पण खाली पाडलेला:

"बॉर्डरवर बरफ, मळ्यात ऊन, सुशीलाचं नाव घेतो, तिच्या तोंडाकडं बघून."

सुशीला म्हणजे माझी आई. आबांनी रिमोट उचलला, रिवाइंड केलं आणि परत घेतलं. मी प्लग ओढला होता तो ह्या माणसाचं नाव घेणं चालू असताना.

दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला.

"सांगितलंस?"

"हो. आबांच्या समोर."

"अन् आवाजाचं काय निघालं?"

मी सांगितलं. पलीकडं बराच वेळ काही नाही. त्यांच्या आयुष्यातला मितभाषी क्षण म्हणायचा तर तो एवढाच. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"अन् तो स्क्रू?"

"गटारात टाकला होता, सर."

"मला ठाव हाय. तुझ्या तोंडनं पायजे हुतं." कागदाची खसखस ऐकू आली, खरंच कशावर लिहीत होते की काय देव जाणे. "मग क."

"फक्त क? सर, सगळं खरं सांगितलं की!"

"पस्तीस वर्षं लावलीस, अन् ब मागतीस?" आणि फोन ठेवून दिला.

असा हा मनमिळाऊ माणूस. मी ग्रुपवर हात वगैरे जोडले नाहीत. खाली एवढंच लिहिलं, 'मला सरांनी क दिला होता.' त्यावर त्या शार्पनरवाल्यानं लगेच विचारलं, 'कशात?' म्हणून हे सगळं लिहावं लागलं.